पर्ड्यूचा काय भरवसा!

1950 सालच्या मोसमात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची टीम नऊ सामने खेळली आणि त्यातले सात हरली. असा मोसम कुठलीही टीम वहीतून फाडून टाकेल. पण जिंकलेल्या दोनांपैकी एक सामना होता 7 ऑक्टोबरचा, साउथ बेंडला, नोटर डेम विद्यापीठाच्या घरच्या मैदानावर. नोटर डेम तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होती. 1945 नंतर तिला कुणी हरवलंच नव्हतं, सलग 39 सामने. प्रशिक्षक फ्रँक लेही यांच्या हाताखालची काही पोरं तर कॉलेजात आली, चार वर्षं खेळली आणि पराभव म्हणजे काय हे न बघताच पदवी घेऊन गेली. पर्ड्यूने त्यांना 28-14 असं हरवलं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, होता डेल सॅम्युएल्स, दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. पुढच्या शनिवारी काय झालं? हरले. त्याच्या पुढच्या शनिवारी? तेव्हाही हरले. मग थेट शेवटच्या सामन्यात शेजारच्या इंडियाना विद्यापीठाला हरवून ओकची जुनी बादली घरी आणली. या दोन विद्यापीठांत जिंकणाऱ्याला खरोखरची लाकडी बादली मिळते, 1925 पासून.

एकदाच झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण 1954ला पुन्हा नोटर डेम, पुन्हा पहिल्या क्रमांकावर, पुन्हा साउथ बेंड. या वेळी लेन डॉसन नावाचा दुसऱ्या वर्षाचाच पोरगा, आणि निकाल 27-14. 1960ला मिनेसोटा, पहिल्या क्रमांकावर, त्यांच्याच मैदानात, 23-14. मिनेसोटा त्या वर्षी तरीही राष्ट्रीय विजेती ठरली आणि पर्ड्यू चार जिंकून, चार हरून, एक बरोबरीत सोडवून घरी बसली.

1976चा सामना मी खूप वेळा वाचलाय. मिशिगन आठ सामन्यांत आठ विजय घेऊन आली होती, पहिल्या क्रमांकावर, प्रशिक्षक बो शेंबेकलर. पर्ड्यू आठपैकी पाच हरलेली. स्कॉट डर्किंग चेंडू घेऊन धावत राहिला, 162 यार्ड, दोन टचडाउन, म्हणजे दोनदा चेंडू मैदानाच्या टोकापार नेला. रॉक सुपॅनच्या फील्ड गोलने, म्हणजे खांबांमधून लाथ मारून मिळणाऱ्या तीन गुणांनी, पर्ड्यू 16-14 अशी पुढे गेली. शेवटची 14 सेकंदं उरलेली असताना मिशिगनच्या किकरने 37 यार्डांवरून मारलेला चेंडू खांबांच्या बाहेर गेला. त्या मोसमात पर्ड्यूचा अंतिम हिशेब पाच विजय, सहा पराभव. म्हणजे देशातल्या सगळ्यात चांगल्या टीमला हरवूनही निम्मेसुद्धा सामने जिंकता आले नाहीत.

पर्ड्यूच्या टीमला बॉयलरमेकर्स म्हणतात. 1891मध्ये जवळच्या क्रॉफर्ड्सव्हिल गावातल्या वॉबाश कॉलेजला त्यांनी 44-0 असं चेपलं, तेव्हा त्या गावच्या वर्तमानपत्राने चिडून या दांडगट पोरांना बॉयलर बनवणारे कामगार म्हटलं. शिवी होती, पोरांनी ती बिरुदासारखी छातीवर लावली. गेली काही दशकं लोक त्याचं पहिलं अक्षर बदलून ‘स्पॉयलरमेकर्स’ म्हणतात. दुसऱ्याच्या लग्नात मांडव पाडणारे. स्वतः क्रमवारीत नसताना देशातल्या पहिल्या पाच संघांपैकी एकाला हरवण्याचे 17 विजय पर्ड्यूच्या नावावर आहेत. एवढे दुसऱ्या कुणाचेच नाहीत.

हा विक्रम नीट बघितला तर अडचणीचा आहे. तो करायचा तर दोन गोष्टी लागतात. मोठ्यांना हरवता आलं पाहिजे, आणि वर्षानुवर्षं आपण स्वतः त्या यादीच्या बाहेर राहिलं पाहिजे. पहिली गोष्ट सगळ्यांना हवी असते. दुसरीत पर्ड्यूने घेतलेले कष्ट कुणी मोजत नाही.

क्रमवारी म्हणजे काय, तेही सांगते. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये सव्वाशेच्या वर टीम वरच्या स्तरावर खेळतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम बारा-तेरा सामने येतात. सगळे सगळ्यांशी खेळणं अशक्य. मग कोण भारी हे ठरवायचं कसं? 1936 पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था दर आठवड्याला क्रीडा पत्रकारांची मतं मागवते आणि त्यातून यादी बनते, सध्या 25 जणांची. म्हणजे हा मताचा मामला आहे. शनिवारी संध्याकाळी मैदानावर जे होतं त्याने रविवारी मत बदलतं. धक्कादायक निकालाची सगळी मजा या यादीत आहे. यादी नसती तर मिशिगन विरुद्ध पर्ड्यू हा नुसता शेजारच्या दोन राज्यांतला सामना झाला असता.

मी वेस्ट लाफायेटला, म्हणजे पर्ड्यूच्या गावी, संख्याशास्त्र शिकायला गेले आणि शिकून झाल्यावरही इंडियानातच राहिले. माहेर कोल्हापूर, शिवाजी पेठ. त्यामुळे फुटबॉलचं मला कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती, असं मला तरी वाटत होतं. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ भिडले की दुपारनंतर पेठेत दुकानदार सापडत नाही. आप्पा मला लहानपणी खांद्यावर बसवून मॅच बघायला न्यायचे आणि आई घरी आल्यावर आम्हा दोघांना धुळीसकट बोलणी घालायची. तर अशी मी, हातात घेऊन पळायच्या त्या लांबोळक्या चेंडूला फुटबॉल म्हणायला तयारच नव्हते.

मला ओढलं ते खेळाने नाही, पहाटेने. घरच्या सामन्याच्या दिवशी सकाळी सातला लॅबमध्ये निघाले होते, तर चॉन्सी हिलवरच्या बारबाहेर रांगा. रांगेत एक केळं, दोन बाहुबली पैलवान, एक येशू ख्रिस्त आणि एक पूर्ण पोशाखातला अंतराळवीर. पर्ड्यूत याला ब्रेकफास्ट क्लब म्हणतात. सामन्याच्या दिवशी सोंगं घेऊन भल्या सकाळी प्यायला बसायचं. अंतराळवीराचं सोंग तिथे हमखास असतं, कारण नील आर्मस्ट्राँग याच विद्यापीठाचे. ते इथल्या बँडमध्ये वाजवायचेही. आदल्या शनिवारी यांची टीम हरलेली होती. त्याच्या आदल्या शनिवारीही. मग ही तयारी कशाची? रांगेतल्या केळ्याला मी विचारलं. तो म्हणाला, आज काय होईल सांगता येत नाही ना.

कोल्हापूरचं माणूस हे उत्तर ऐकून पुढे जाऊ शकत नाही. तिकीट काढलं.

2018चा मोसम सुरू झाला तो तीन पराभवांनी. नॉर्थवेस्टर्नकडून 31-27. मग ईस्टर्न मिशिगन, जिला मोठ्या टीम सरावासाठी बोलावतात, तिच्याकडून 20-19. मग मिझुरीकडून 40-37. शेवटचे दोन्ही तर अगदी अखेरच्या किकवर गेलेले. तीन सामने, आणि तिन्ही मिळून फरक 8 गुणांचा. तिथून पुढे तीन जिंकले. म्हणजे 20 ऑक्टोबरच्या रात्री ओहायो स्टेट आली तेव्हा पर्ड्यूचे तीन विजय आणि तीन पराभव होते. ओहायो स्टेट सातपैकी सात जिंकलेली, देशात दुसरी, प्रशिक्षक अर्बन मायर. कोलंबसमधलं त्यांचं स्टेडियम एक लाखाच्या वर माणसं घेतं. आमचं रॉस-एड भरलं की साठ हजारांच्या आसपास. त्यांची दुसऱ्या फळीतली पोरंसुद्धा आमच्याकडे पहिल्या दिवसापासून खेळली असती.

त्या रात्रीबद्दल सांगायचं तर टायलर ट्रेंटबद्दल आधी सांगावं लागतं. टायलर पर्ड्यूचाच विद्यार्थी. त्याला हाडांचा कर्करोग होता आणि तो पुन्हा पुन्हा उलटत होता. आदल्या वर्षी, 2017मध्ये, केमोथेरपी घेऊन आल्यावर हा पोरगा मिशिगनच्या सामन्यासाठी स्टेडियमबाहेर तंबू ठोकून रात्रभर झोपला होता, पहिल्या रांगेत जागा मिळावी म्हणून. तेव्हापासून सगळं कॅम्पस त्याला ओळखायला लागलं. 2018च्या त्या ऑक्टोबरात उपचार संपत आले होते. म्हणजे उपाय संपत आले होते. त्याला खेळाचा पत्रकार व्हायचं होतं, आणि त्याने चारचौघांत सांगून टाकलं होतं की पर्ड्यू ओहायो स्टेटला हरवणार. त्या दिवशी सकाळी ईएसपीएनवर देशभर त्याची गोष्ट दाखवली गेली. रात्री तो व्हीलचेअरवर स्टेडियममध्ये होता.

अशा गोष्टीला आपण लगेच डोळे पुसायला लागतो आणि मग तो पोरगा काय म्हणाला ते ऐकायचं राहून जातं. मला त्याचं भाकीत महत्त्वाचं वाटतं. ते कुणी त्याच्या तोंडी घातलेलं शुभचिंतन नव्हतं. ज्याने या टीमचे सगळे सामने मनापासून बघितले आहेत, ज्याला तीन पराभवांतला 8 गुणांचा फरक पाठ आहे, अशा चाहत्याचं ते मत होतं. आम्ही आकडेवाल्यांनी त्या दिवशी ओहायो स्टेटच जिंकणार म्हणून सांगितलं असतं, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगू.

सामना सुरू झाला. पहिल्या सत्रातच काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. ओहायो स्टेट चेंडू घेऊन येत होती, आरामात येत होती, पण शेवटच्या वीस यार्डांत अडकत होती. तीन गुणांवर समाधान, नाहीतर तेही नाही. आणि आमचे प्रशिक्षक जेफ ब्रोम हातचं राखून खेळायला तयारच नव्हते. दुसऱ्या सत्रात फील्ड गोलसाठी माणसं उभी केली, सगळ्यांना वाटलं आता चेंडूला लाथ बसणार, तर चेंडू धरणारा तो उचलून पळालाच. मध्यंतराला 21-3. माझ्या शेजारी केरळचा एक पोरगा होता. तो सारखा म्हणत होता, आता ते येतील बघ, आता येतील. मला आप्पांची आठवण झाली. जिंकत असलेल्या मॅचला ते कधीच बसत नाहीत, उभे राहतात.

ते आलेच नाहीत, असं नाही. ओहायो स्टेटच्या ड्वेन हॅस्किन्सने त्या रात्री 73 वेळा चेंडू फेकला आणि 470 यार्ड मिळवले. पण इकडे डेव्हिड ब्लाऊने 378 यार्ड आणि तीन टचडाउन फेकले, डी. जे. नॉक्स तीनदा चेंडू घेऊन पार गेला, मार्कस बेलीने प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू हवेत पकडून 41 यार्ड पळवत नेला. आणि रॉन्डेल मूर. पाच फूट नऊ इंचांचा, पहिल्या वर्षात शिकणारा, इंडियानातल्याच न्यू ऑल्बनीचा. 12 झेल, 170 यार्ड, दोन टचडाउन. त्यातला शेवटचा 43 यार्डांचा. त्याला धरायला आलेले एकेक जण नुसते अंगावरून घरंगळत होते आणि तो पुढे. साठ हजार माणसं ओरडत असताना तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, फक्त घसा दुखतो. 49-20.

विद्यार्थी मैदानात उतरले. मी उतरले नाही, कठड्याला धरून उभी राहिले, कारण खाली उतरायचा जिना भरला होता आणि मला साष्टांग पडायचं नव्हतं. टायलर ड्रेसिंग रूममध्ये टीमबरोबर होता. 1 जानेवारी 2019ला तो गेला, वीस वर्षांचा. विद्यार्थ्यांच्या प्रवेशद्वाराला आता त्याचं नाव आहे.

रात्री कोल्हापूरला फोन लावला. तिथे रविवारची सकाळ.

“आप्पा, आम्ही दोन नंबरच्या टीमला हरवलं.”

“आम्ही म्हंजे कोण?” 

“पर्ड्यू हो.”

“ती सारखी हरत्यात म्हणालीस ती?”

“तीच.”

“मग आता फुडच्या आठवड्यात काय करतील?”

आप्पांनी पेठेतला फुटबॉल पन्नास वर्षं बघितलाय, उगाच नाही. पुढच्या आठवड्यात मिशिगन स्टेटकडून 23-13 असे हरले. त्याच्या पुढच्या आठवड्यात आयोवाला 38-36 असं हरवलं. मग मिनेसोटाने 41-10 असं धुतलं. शेवटी नॅशव्हिलला म्युझिक सिटी बोलमध्ये (मोसमाअखेरच्या अशा खास सामन्यांना बोल म्हणतात) ऑबर्नने 63-14 अशी अब्रू काढली. त्यात मध्यंतरालाच 56-7. टायलर त्या सामन्याला गेला होता, नाणेफेकीला मैदानावर होता, आणि त्याच्यासमोर हे असलं. मोसमाचा हिशेब सहा विजय, सात पराभव. ओहायो स्टेटने मात्र त्या वर्षी 14 पैकी 13 सामने जिंकले, रोझ बोलही जिंकला. पण चार जणांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये त्यांना जागा मिळाली नाही. एका रात्रीमुळे.

इथे मला माझा विषय काढावाच लागतो. अशा टीमला लोक लहरी म्हणतात, जशी काही ती पोरं सकाळी उठून ठरवतात आज खेळायचं की नाही. मला तसं वाटत नाही. समजा तुमच्याकडे कमी ताकदीची पोरं आहेत. तुम्ही सावध खेळलात, चार यार्ड, पाच यार्ड, तीन यार्ड, तर सामन्यात साठ-सत्तर छोटे छोटे डाव होतात. आणि एवढे डाव झाले की बलवान वर येतोच, त्याला कुणाचा इलाज नाही. म्हणून दुबळ्याने मोठ्या उड्या घ्यायच्या. लांब फेकायचं, चौथ्या, म्हणजे शेवटच्या संधीला चेंडूला लाथ मारायची सोडून पळायचं, फसवायचं. सरासरी तेवढीच राहते, पण चढउतार वाढतात. चढउतार वाढले की एखाद्या शनिवारी तुम्ही ओहायो स्टेटला 29 गुणांनी हरवता. आणि त्याच चढउतारांमुळे दुसऱ्या एखाद्या शनिवारी ईस्टर्न मिशिगन तुम्हाला एका गुणाने हरवते. लोक पहिली गोष्ट ब्रोमच्या हिमतीला देतात आणि दुसरी पोरांच्या बेफिकिरीला. दोन्ही निकाल एकाच स्वभावाचे आहेत. एक ठेवून दुसरा परत करता येत नाही.

हे पर्ड्यूत ब्रोमच्या आधीपासून आहे. 1997मध्ये जो टिलर वायोमिंगहून आले आणि त्यांनी मैदानभर खेळाडू पसरून फेकाफेकीचा खेळ आणला. गवतावरचं बास्केटबॉल म्हणायचे त्याला. बाकी सगळी बिग टेन परिषद, म्हणजे पर्ड्यू ज्या गटात खेळते तो गट, तेव्हा मान खाली घालून धडका मारण्यात धन्यता मानत होती. टिलर यांच्या पहिल्याच सामन्यात टोलेडोने पर्ड्यूला 36-22 असं हरवलं. दुसऱ्या सामन्यात पर्ड्यूने नोटर डेमला 28-17 असं हरवलं. बस, सगळा स्वभाव दोन शनिवारांत. याच टिलर यांच्या हाताखाली क्वार्टरबॅक ड्रू ब्रीस घडला आणि 2001च्या पहिल्या दिवशी पर्ड्यू रोझ बोल खेळली, हरली. 

2009च्या सामन्याने मात्र मला माझं गणित पुन्हा तपासायला लावलं. सहापैकी पाच हरलेल्या पर्ड्यूने सातव्या क्रमांकावरच्या ओहायो स्टेटला 26-18 असं हरवलं, आणि त्यात उड्या कमी, धरपकड जास्त होती. टेरेल प्रायरसारख्या क्वार्टरबॅककडून चार वेळा चेंडू काढून घेतला. 1976मध्येही डर्किंग नुसता धावत होता, कुठे काही लांब फेकाफेक नव्हती. तर प्रत्येक विजय माझ्या सूत्रात बसत नाही. काही वेळा पोरं सरळ चांगली खेळतात. हे संख्याशास्त्राच्या माणसाला कबूल करायला जड जातं, पण असतं.

2021 तर मेजवानीच होती. 16 ऑक्टोबरला आयोवा, दुसऱ्या क्रमांकावर, एकही सामना न हरलेली, त्यांच्या किनिक स्टेडियमवर. या स्टेडियममधली पाहुण्यांची ड्रेसिंग रूम गुलाबी आहे. भिंती, कपाटं, मुताऱ्यासुद्धा. हेडन फ्राय नावाच्या प्रशिक्षकांना वाटायचं की गुलाबी रंगाने माणूस ढिला पडतो. ते मानसशास्त्र शिकले होते म्हणे. पर्ड्यूची पोरं त्या गुलाबी खोलीतून बाहेर आली आणि डेव्हिड बेलने 11 झेल घेऊन 240 यार्ड मिळवले. 24-7. दोन-तीन आठवड्यांनी मिशिगन स्टेट आली, आठपैकी आठ जिंकलेली, प्लेऑफ समितीच्या यादीत तिसरी. बेल पुन्हा 11 झेल, 217 यार्ड. क्वार्टरबॅक एडन ओकॉनेलने 536 यार्ड फेकले. 40-29. सतरावा विजय तो हाच.

ओकॉनेलचं मला कौतुक यासाठी की तो शिष्यवृत्तीशिवाय टीममध्ये आला होता. कुणी बोलावलं नव्हतं, स्वतःहून आला, रांगेत शेवटी उभा राहिला. या दोन विजयांच्या मध्ये काय झालं असेल? आयोवाला हरवल्यावर पत्रकारांनी पर्ड्यूला पंचविसावा क्रमांक दिला. पुढच्याच शनिवारी विस्कॉन्सिनने घरी येऊन 30-13 असं हरवलं. क्रमवारी या टीमला मानवत नाही.

हल्ली मी सामने कमी बघते. कारण वयाचं असेल, पण पैशाचंही आहे. 2021च्या उन्हाळ्यापासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायला परवानगी मिळाली. ते न्यायाचंच झालं. प्रशिक्षकाने लाखो डॉलर घ्यायचे आणि ज्याचे गुडघे फुटतात त्याने फक्त पुस्तकं आणि जेवण घ्यायचं, हा कुठला धर्म? पण त्याच सुमाराला एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं अगदी सोपं झालं. रॉन्डेल मूरसारखा पोरगा आज पहिल्याच वर्षी एवढा चमकला, तर डिसेंबरपर्यंत त्याला मोठ्या विद्यापीठांचे फोन येतील. न्याय्य गोष्टीने माझी आवडती गोष्ट दुबळी केली. यावर मला राग कुणावर काढायचा ते कळत नाही. ब्रोम 2022च्या अखेरीस लुईव्हिलला, आपल्या मूळ कॉलेजात, निघून गेले. 2024मध्ये पर्ड्यूने 12 पैकी एक सामना जिंकला. बादलीच्या सामन्यात इंडियानाने 66-0 असं हरवलं.

त्याच मोसमातला एक प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. 7 सप्टेंबरला नॉर्दर्न इलिनॉयने साउथ बेंडला जाऊन नोटर डेमला 16-14 असं हरवलं. नोटर डेमने त्यांना येऊन मार खाण्याचे 14 लाख डॉलर मोजले होते! पैसे घेऊन आले आणि जिंकून गेले. बातमी वाचून मी टाळ्या वाजवल्या, मग वेळापत्रक बघितलं. पुढच्या शनिवारी नोटर डेम कुणाकडे येणार होती? आमच्याकडे. सगळा राग त्यांनी रॉस-एडवर काढला, 66-7. दुसऱ्याने केलेल्या चमत्काराची शिक्षा भोगायची वेळ स्पॉयलरमेकर्सवर आली. आप्पांना हे सांगितल्यावर ते फोनवर इतका वेळ हसले की आईने फोन काढून घेतला.

त्याच्या महिन्याभराने व्हँडरबिल्टने पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला 40-35 असं हरवलं आणि नॅशव्हिलच्या पोरांनी गोलपोस्ट उपटून रस्त्याने मिरवत नेऊन कम्बरलँड नदीत टाकला. गणपती विसर्जनाची सवय असलेल्या माणसाला ते दृश्य अगदी ओळखीचं वाटलं. म्हणजे दुबळ्यांचे विजय संपलेले नाहीत, फक्त सध्या आमच्या घरी येत नाहीत.

माझ्या ऑफिसात एक तेलुगू सहकारी आहे, ओहायो स्टेटला शिकलेला. त्यांची टीम जानेवारी 2025मध्ये नोटर डेमला 34-23 असं हरवून राष्ट्रीय विजेती झाली. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना पेढे वाटले, मीच आणून दिले होते. पेढा खाताना मी त्याला विचारलं, 2018ला तुम्ही तेरा सामने जिंकलात, त्यातले कुठले आठवतात? मिशिगनचा आठवला. एक-दोन त्याने जुळवून जुळवून सांगितले, गुण चुकीचे. मग मी नुसतं म्हटलं, “आणि वेस्ट लाफायेट?”

“49-20,” तो म्हणाला. पेढा हातातच राहिला. “पण तू आकडेवाली आहेस ना? मग हेही बघ. त्या रात्री यार्ड आम्ही तुमच्यापेक्षा कमी काढले नव्हते.”

ते मी बघितलंय. उलट थोडे जास्तच होते.